वरचा आकडा, खालचा आकडा

देवासच्या टेकडीवर दोन देव्या. थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. आता रोप-वे आहे, तरी धार-देवासच्या मराठी घरांतली जुनी खोडं पायऱ्यांचा हट्ट सोडत नाहीत. एरवी घरी स्वस्थ बसवून त्यांचा रक्तदाब मोजला, तर कित्येकदा वरचा आकडा १६०, खालचा ७०. 'खालचा तर छान आहे की,' म्हणून घरचे निर्धास्त. गोम तिथेच आहे.

हृदयातून निघणारी महाधमनी ही नुसती नळी नव्हे. ठोक्यासरशी ती फुगते, थोडं रक्त पोटात ठेवून घेते आणि पुढचा ठोका पडेपर्यंत सावकाश सोडते. हा ताण सोसतं ते इलॅस्टिन नावाचं प्रथिन. शरीर ते गर्भात आणि बालपणी विणतं, पुढे जवळजवळ नाहीच. दिवसाला लाखभर ठोके, आणि जन्मभर तीच शिदोरी. जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखे धागे तुटत जातात. त्यांच्या जागी कोलॅजन वाढतं. दणकट, पण ताठर. रक्तातली साखर या धाग्यांना चिकटून त्यांना एकमेकांशी जखडते, म्हणून मधुमेह्याची धमनी आधी म्हातारी होते. ताठलेली धमनी फुगत नाही, तेव्हा वरचा आकडा चढतो. साठा उरत नाही, तेव्हा खालचा घसरतो.

धमनीचं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. सशाच्या महाधमनीवर प्रयोग करताना रॉबर्ट फर्चगॉट यांना दिसलं, की ते खरवडलं गेलं तर ज्या औषधाने धमनी सैलावायची, त्यानेच ती आवळते. हे त्यांनी १९८० मध्ये मांडलं. अस्तराकडून स्नायूला निरोप नेणारा निघाला एक वायू, नायट्रिक ऑक्साइड. १९९८ चं नोबेल त्याचंच. हृदयरोग्याच्या खिशातली जिभेखालची गोळी तोच वायू पुरवते.

वयाबरोबर पेशींत सुपरऑक्साइड वाढतो आणि या वायूला गाठून निकामी करतो. वायू घडवणाऱ्या विकराचा मदतनीस रेणूही नासतो. मग ते विकर वायूऐवजी सुपरऑक्साइडच बनवू लागतं. कुंपणानेच शेत खाल्लं!

पायऱ्यांच्या हट्टात मात्र तथ्य आहे. चढताना रक्त अस्तराला जोराने घासून वाहतं आणि त्या घासण्यानेच विकर कामाला लागतं. इलॅस्टिन परत येत नाही. वायू थोडाफार येतो. चढताना छाती भरून येत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा आणि तोवर रोप-वेचं तिकीट काढावं. थोरली-धाकटी रुसणार नाहीत.