बेस कानाला टोचत नाही

कानांची गोष्ट : लेखांक ९

मागच्या लेखांकात कर्कश आवाजांबद्दल बोललो. हॉर्न किंवा ग्राइंडर असला की हात आपसूक कानावर जातो. आज नेमक्या उलट स्वभावाच्या आवाजाकडे वळू. गाडीला सेट टाकताना डिकीत मोठा वूफर बसवून घेणाऱ्या तरुण मुलांच्या कानांची मला खरोखर काळजी वाटते. त्यांची गाणी वाईट असतात म्हणून नव्हे. छातीत घुमणारा खालचा सूर आनंदाचाच असतो. पण तो किती झाला, हे सांगण्याच्या कामी आपला कान फार कच्चा आहे.

१००० हर्ट्झचा स्वर निरोगी तरुण कानाला शून्याच्या जरा वर, दोन-तीन डेसिबललाच ऐकू येतो. ५० हर्ट्झचा स्वर नुसता जाणवायला चाळीसच्या वर डेसिबल लागतात, आणि २० हर्ट्झला जवळपास ८०. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली कानाच्या या पक्षपाताचे आलेख प्रसिद्ध केले. त्याच धर्तीवर पुढे आवाज मोजण्याचं 'ए' माप ठरलं. मोबाइलवरची आवाज मोजणारी ॲप बहुधा याच मापात आकडा दाखवतात. या मापात खालच्या पट्टीतला आवाज वजा करून धरतात : ४० हर्ट्झला सुमारे ३५ डेसिबल. म्हणजे गाडीत ४० हर्ट्झचा बेस प्रत्यक्षात १२० डेसिबलचा असला, तरी ॲपवर जेमतेम ८५ दिसणार. आकडा पाहून मुलगा निर्धास्त होतो.

गाडीत हे इतक्या सहज का घडतं? ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर. गाडीची आतली जागा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. काचा बंद असल्या की ती लाट तिथे पसरूच शकत नाही; आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम चढतो, एकदम उतरतो. म्हणून घराच्या हॉलमध्ये बेताचा वाटणारा वूफर गाडीत अंगावर येतो. दाब इतका चढू शकतो की २००४ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या संगीतामुळे फुप्फुसाभोवती हवा शिरलेल्या रुग्णांची नोंद आली, तेव्हा त्यांतल्या एकाने गाडीत हजार वॉटचा बेस बॉक्स बसवलेला होता. अशी उदाहरणं अगदी विरळा. ती घाबरवायला नव्हे, गाडीतली हवा किती जोराने हलते ते कळावं म्हणून सांगितली.

आता कानाच्या आत जाऊ. अंतर्कर्णातली नळी गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली असते. दाराशी उंच स्वर ओळखणाऱ्या केशपेशी, अगदी आतल्या टोकाला खालचे स्वर ओळखणाऱ्या. या नळीत आवाजाची लाट कशी धावते हे दाखवल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. बेसच्या लाटेला टोक गाठायला दारातूनच जावं लागतं. चिंचिला या प्राण्यावरच्या प्रयोगांत ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज दीर्घकाळ दिला, तेव्हा आतल्या टोकाबरोबर दाराशी असलेल्या, उंच स्वरांच्या पेशीही मेलेल्या आढळल्या. मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी कानांना ३० हर्ट्झचा आवाज, 'ए' मापात ८० डेसिबल, फक्त दीड मिनिट ऐकवला. निरोगी कान स्वतःही अतिशय मंद ध्वनी काढत असतो. आवाज थांबल्यावरही तो ध्वनी काही काळ वरखाली होत राहिला. ही इजा नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ज्याला कान 'फारसा मोठा नाही' म्हणतो, त्या आवाजाने तो आतून हलतो, एवढं यातून दिसतं.

डेसिबलला डेसिबल लावून पाहिलं, तर शुद्ध बेस मधल्या पट्टीपेक्षा कमी घातक मानला जातो, हेही खरं. पण गाडीत शुद्ध बेस कोण ऐकतं? खालचा आवाज वरच्या स्वरांना झाकतो, गायकाचे शब्द बुडतात, आणि ते ऐकू यावेत म्हणून सगळाच आवाज वाढवला जातो. ॲम्प्लिफायर अपुरा असेल तर लाटेचे शेंडे कापले जातात आणि त्यातून उंच पट्टीतला चरचरीत आवाज जन्मतो. कानाचं नुकसान मुख्यतः तिथे होतं. त्याची खूण बहुधा ४००० हर्ट्झजवळ उमटते आणि बराच काळ कळत नाही. मग गर्दीत 'साप' आणि 'ताप' यांत फरक लागेनासा होतो, कारण असे शब्द वेगळे करणारा स-त चा आवाज त्याच वरच्या भागात असतो.

८५ डेसिबल 'ए' मापाने आठ तास ही कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेने सुचवलेली मर्यादा. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. पुणे ते कोल्हापूर प्रवासाला ती कितीशी पुरणार?

गाडीत मोजायचं असेल तर ॲपमध्ये 'सी' माप निवडा. त्यात बेस जवळजवळ पूर्ण धरला जातो. मोबाइलचा माइक जोरदार बेसला दमतो, तेव्हा खरा आकडा दिसतो त्याहून मोठा असू शकतो. 'ए' आणि 'सी' यांतलं अंतर वीसच्या पुढे गेलं, तर सगळा आवाज नव्हे, आधी सबवूफरचीच पातळी उतरवा. गाणं बहुतेक वेळा उलट स्वच्छ होतं. मागच्या सीटवर लहान मूल असेल तर वूफर बंदच ठेवा : डिकीतला बॉक्स त्याच्या डोक्याला सर्वांत जवळ असतो आणि ते तक्रार करू शकत नाही. गाडीतून उतरल्यावर कानात शीळ वाजली किंवा कापूस घातल्यासारखं वाटलं, आणि सकाळपर्यंत ते गेलं, तरी श्रवणचाचणी करून घ्या. तपासनिसाला ३००० आणि ६००० हर्ट्झवरही मोजायला आवर्जून सांगा. साध्या चाचणीत ते दोन्ही कधीकधी गाळले जातात.

त्या चाचणीचा आलेख हातात आल्यावर तो वाचायचा कसा, ते पुढच्या आठवड्यात.