डांसांचें मशीन कां चालेनासें होतें?

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर मिरा-भाईंदर हें शहर वसलें आहे. उत्तरेस खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेच्या बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि मधल्या सखल भागांत मिठागरें, तिवरांचीं रानें व राई, मुर्धा, उत्तन यांसारखीं जुनीं गांवें. १९८५ सालीं येथें नगरपरिषद स्थापन झाली, २००२ सालीं तिची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. इतकीं माणसें इतक्या सखल जागेंत राहूं लागलीं म्हणजे सांडपाण्याचा निचरा मंदावतो, आणि जेथें निचरा मंद तेथें डांस, हें ठरलेलेंच. दिवेलागणीच्या सुमारास मिरा रोड स्टेशनाच्या पूर्वेकडील इमारतींत एकामागून एक खिडक्या बंद होतांना दिसतात, आणि त्यापाठोपाठ घरोघरीं एक लहानसें उपकरण विजेच्या बोर्डांत खोंचलें जातें. खालीं रिफिलची बाटली, वर प्लॅस्टिकचें टोपण, आंत मिणमिणता दिवा. त्यावर कंपनीचें कांहींही नांव असो, घरांत त्याला सगळे नुसतें 'मशीन' म्हणतात.

ह्या मशीनविषयीं तक्रारी मात्र पुष्कळ. दिवा लागतो पण डांस जात नाहींत. महिना झाला तरी बाटली भरलेलीच. किंवा उलट, आठ दिवसांत रिकामी. जळका वास येतो. खालीं तेल ठिबकतें. तक्रार करणारा बहुधा नवी बाटली आणतो, तिनें गुण आला नाहीं तर नवें मशीन आणतो, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर एका खोलींत दोन मशीनें लावून दारें-खिडक्या लावून घेतो. वास्तविक ह्या उपकरणांत बिघडण्यासारखें फार थोडें आहे. त्याची रचना एकदां ध्यानांत आली कीं दोष कोठें आहे हें घरच्या घरीं ओळखतां येतें. आणि पुष्कळदां तो दोष मशीनमध्यें नसून तें लावण्याच्या जागेंत किंवा वेळेंत असतो, हेंही कळून चुकतें.

बाटलींत रॉकेलच्याच जातीचा, पण वास काढून टाकलेला, एक पातळ द्राव असतो. त्यांत ट्रान्सफ्लुथ्रिन नांवाचें कीटकनाशक विरघळविलेलें असतें. त्याचें प्रमाण शेंकडा एक ते दीडच्या आसपास. बाटलीच्या तोंडांत एक सच्छिद्र, कडक वात बसविलेली असते. समईच्या वातींतून तेल ज्या केशाकर्षणानें वर चढतें त्याच केशाकर्षणानें हा द्रावही चढतो. समईंत तें तेल जळतें. येथें मात्र कांहींही जळावयाचें नसतें. वातीच्या टोकाभोंवतीं तापणारें एक कडें असतें. तें वातीस शिवत नाहीं, केवळ आपली ऊब तिला देतें. त्या उबेनें द्रावाची मंद वाफ होते व ती टोपणाच्या छिद्रांतून खोलींत पसरते.

त्या कड्याला ऊब देणारी जी चिनी मातीसारखी लहान चकती असते, तिचा गुण मोठा नामी आहे. ती तापली कीं विजेला होणारा तिचा विरोध एकदम वाढतो, वीज कमी वाहूं लागते आणि चकती आपोआप आवरली जाते. ती निवूं लागली कीं विरोध उतरतो व पुन्हां ऊब येते. विजेचा दाब कमीजास्त झाला तरी ऊब जवळजवळ सारखीच राहते ती ह्या गुणामुळें; आणि रात्रभर चालूनही मशीन साधारण पांच वॅट एवढीच वीज खातें.

द्राव, वात आणि ऊब ह्या त्रयीवरच ई-सिगारेट नांवाचें उपकरणही चालतें. भारतांत त्याचें उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर २०१९ च्या कायद्यानें बंदी आहे. वात कोरडी पडली म्हणजे जळका वास यावा, बाटली बसली नाहीं म्हणजे द्राव गळावा, हे दोष दोहोंत सारखेच. भेद एवढाच कीं, तेथें वाफ मुद्दाम फुप्फुसांत ओढून घेतात. डांसांच्या मशीनची वाफ फुप्फुसांत शक्य तितकी कमी जावी हें पाहावयाचें असतें. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

कीटकनाशकाचें मूळ एका शेवंतीसारख्या फुलांत आहे. त्या फुलांच्या चूर्णापासून जपानांत उएयामा ह्या उद्योजकानें १८९० सालीं डांसांची उदबत्ती केली, आणि १९०२ सालापासून ती वेटोळ्याच्या रूपानें विकली जाऊं लागली. १९४९ सालीं त्या फुलांतील द्रव्यासारखें ॲलेथ्रिन हें द्रव्य अमेरिकेंत प्रयोगशाळेंत तयार झालें. पुढें तापत्या पट्टीवर ठेवावयाची निळी वडी आली, आणि वडीच्या मागून बाटली. धूर गेला, राख गेली, हा खरा लाभ. पण कांहीं दिसत नाहीं म्हणून कांहीं हवेंत नाहीं, असा समजही त्याच वेळीं घरांत शिरला.

आतां तक्रारींकडे वळावें. दिवा लागला म्हणजे मशीन चालूं आहे ही समजूत सर्वांत चुकीची. दिवा आणि तापणारी चकती यांचे विजेचे मार्ग बहुधा वेगळे असतात, त्यामुळें चकती निकामी झाली तरी दिवा लागतच राहतो. मशीन लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीं टोपणाच्या छिद्रांपासून बोटभर अंतरावर तळहात धरावा. ऊब लागली तर चकती ठीक आहे. मुळींच ऊब नसेल तर तें मशीन उघडून पाहण्याच्या भानगडींत न पडतां टाकून द्यावें; तें दुरुस्त करण्यासारखें नसतें, आणि त्याची किंमत दुरुस्तीच्या मजुरीहून कमी असते.

पण टाकण्यापूर्वीं दुसऱ्या बोर्डांत लावून पाहावें. खाडीकांठच्या हवेंत मीठ आणि ओल दोन्हीं असतात. प्लगच्या पितळी कांट्यांवर हिरवट पुटें चढतात, सॉकेटांतील पट्ट्या सैल होतात, आणि वीज तुटकतुटक मिळते. अशा सैल जोडाच्या ठिकाणींच जास्त उष्णता निर्माण होते व सॉकेटचें तोंड तपकिरी पडतें. कित्येक घरांत 'मशीन जळतें' म्हणून जी ओरड होते ती वस्तुतः बोर्डाची असते. मशीन काढून कांटे कोरड्या फडक्यानें किंवा बारीक पॉलिश-कागदानें स्वच्छ करावे. सॉकेटच काळें पडलें असेल तर तें घरीं खरडूं नये. वायरमन बोलावून बदलून घ्यावें. पावसाळ्यांत ह्या कामीं केलेली टाळाटाळ महागांत पडते.

ऊब आहे पण बाटलींतील द्राव हालत नाहीं, असें असेल तर वातीकडे पाहावें. ह्याची परीक्षा सोपी आहे. बाटलीवर पेनानें द्रावाच्या पातळीची रेघ ओढावी व आठ रात्रींनंतर पुन्हां पाहावें. ४५ मिलिलिटरची बाटली रोज आठ तास मंद टप्प्यावर लावली तर साधारणपणें दीड-दोन महिने पुरते. तेव्हां आठवड्यांत रेघेखालीं थोडी तरी उतार दिसलीच पाहिजे. दिसली नाहीं तर प्रथम बाटली शेवटपर्यंत फिरवून घट्ट बसविली आहे कीं नाहीं हें बघावें. अर्धवट बसलेल्या बाटलीची वात कड्याच्या मध्यापर्यंत पोंचत नाहीं व तिला ऊब मिळत नाहीं. ती बरोबर बसूनही द्राव उतरत नसेल तर वातीचीं छिद्रें बुजलीं असें समजावें. द्रावांतील हलका भाग उडून जातो, जड भाग टोकाशीं राळेसारखा सांचतो, त्यावर धूळ बसते, आणि टोक काळें ठिक्कर पडतें. तें ब्लेडनें खरवडल्यास छिद्रें अधिकच दडपलीं जातात. प्रत्येक बाटलीबरोबर नवी वात येते ती ह्याचसाठीं.

येथेंच एका घरगुती काटकसरीचा विचार केला पाहिजे. रिकाम्या बाटलींत रॉकेल, कडुनिंबाचें तेल व कापूर यांचें मिश्रण भरून ती पुन्हां लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे, आणि ती 'नैसर्गिक' म्हणून मोठ्या विश्वासानें एकमेकांना सांगितली जाते. कडुनिंबाचें तेल जड असतें. तें त्या उबेनें नीट उडत नाहीं आणि वातींत घट्ट बसून तिला कायमची निकामी करतें. साधें रॉकेल ह्या उपकरणासाठीं शुद्ध केलेलें नसतें. त्याची वाफ बंद खोलींत रात्रभर घेणें घशास व छातीस बाधक, शिवाय आगीचें भय निराळेंच. राहतां राहिला कापूर. पूजेच्या तबकांतील ही वस्तु निरुपद्रवी वाटते; पण लहान मुलाच्या पोटांत थोडा कापूर गेला तरी आंकडी येऊं शकते. ओळखीच्या बाटलींत अनोळखी पदार्थ भरून ठेवला म्हणजे प्रसंग आल्यास डॉक्टरांनाही बाटलीवरील चिठ्ठीचा उपयोग होत नाहीं. तयार द्रावही विषारीच आहे. परंतु त्यांत काय आहे व किती आहे हें १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणें बाटलीवर छापलेलें असतें. मुलानें तो प्यायल्याचा संशय आला तर त्याला ओकवूं नये. रॉकेलच्या जातीचा द्राव ओकतांना श्वासनलिकेंत उतरला कीं फुप्फुसांस मोठी इजा करतो. बाटली हातांत घेऊन तडक रुग्णालय गांठावें.

बाटली लौकर संपते त्याचीं कारणें साधीं आहेत. मशीनची कळ जोराच्या टप्प्यावर राहिलेली असते, किंवा सकाळीं बटण बंद करावयाचें राहून जातें. ठिबकण्याचें कारण बहुधा बाटलीचें आडवेपण. जमिनीलगतच्या आडव्या बोर्डांत मशीन तिरकें बसतें. पुष्कळ मशीनांचा प्लग फिरवून बाटली उभी ठेवतां येते, पण हें फारसें कोणी करून पाहत नाहीं. पडलेल्या बाटलीची वात आंतून तडकलेली असूं शकते. ती गळूं लागली तर टाकावी.

आतां जागेचा प्रश्न. कपाटामागें, पडद्याआड किंवा पलंगाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेल्या मशीनची वाफ पडद्यांत व गादींत मुरते, खोलींत पसरत नाहीं. आणि कापड तापण्याचा धोका राहतो. उघड्या खिडकीखालीं लावलें तर वाफ वाऱ्याबरोबर बाहेर जाते. सर्वांना ठाऊक असूनही कोणी पाळत नाहीं अशी गोष्ट म्हणजे वेळ. निजण्याच्या क्षणीं लावलेलें मशीन पहिला अर्धा तास जवळजवळ कांहींच करीत नाहीं. तें अर्धा तास आधीं लावावें. मग पंखा मंद ठेवला तरी काम भागतें.

खिडक्या अगदीं बंद कराव्या कीं नाहीं, यावर घरोघरीं वाद आहे. बंद खोलींत डांस लौकर निष्प्रभ होतात हें खरें. पण त्याच हवेंत तान्हें मूलही श्वास घेतें, आणि दमेकऱ्याला ह्या वाफेनें खोकला सुटतो. खिडकीस जाळी बसविणें, हवा खेळती ठेवणें व मशीन उशापासून दूर ठेवणें हा मध्यम मार्ग. तान्ह्या मुलासाठीं मच्छरदाणीच बरी. तिच्या जोडीला दोन मशीनें लावण्याचें प्रयोजन नाहीं. माशांचें काचपात्र असलेल्या खोलींत तर हें मशीन लावूंच नये, कारण ह्या जातीचें द्रव्य माशांना अत्यंत घातक आहे. मांजरांनाही तें बाधूं शकतें.

इतकें सगळें ठीक असूनही डांस जात नाहींत असा अनुभव येतो, तो सर्वस्वीं खोटा नव्हे. ह्या जातीच्या द्रव्यांना न जुमानणारे डांस भारतांत अनेक ठिकाणीं आढळले आहेत. अशा वेळीं मात्रा वाढवून घरांतील माणसांनाच अधिक वाफ मिळते.

सर्वांत मोठी चूक मात्र घड्याळाची आहे. रात्रीं गुणगुणणारा डांस बहुतांशीं गटारांत वाढणारा क्यूलेक्स जातीचा असतो, आणि मशीन लागतें तें त्याच्या त्रासामुळें. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारी एडिस जातीची मादी दिवसा चावते. सकाळचे पहिले कांहीं तास आणि सूर्यास्तापूर्वींची वेळ ह्या तिच्या विशेष आवडीच्या. त्या वेळीं मशीन बोर्डांत थंड पडलेलें असतें, मुलें शाळेची तयारी करीत असतात किंवा शाळेंतून येऊन पलंगावर लोळत असतात. अंगभर कपडे आणि खिडकीची जाळी हींच तेव्हां उपयोगी पडतात. हा डांस बाहेरच्या खाडींतून येत नाहीं. तो घरांतल्याच स्वच्छ पाण्यांत वाढतो. फ्रिजच्या मागचें ताट, कुंडीखालची बशी, मनीप्लँटची बाटली, गॅलरींतला झांकण नसलेला पिंप, गच्चीवर पडलेलें टायर. अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यांतून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगतात. त्या दिवशीं भांडीं नुसतीं उपडीं करून चालत नाहीं. अंडीं पाण्याच्या कडेला भांड्याच्या आंतल्या भिंतीस चिकटतात, कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पुन्हां पाणी भरलें कीं फुटतात. म्हणून पिंपाची आंतली बाजू काथ्यानें घासून काढावी, आणि मगच त्यांत पाणी भरावें.