आलिंगक

मुशी, पाकट इ. उपास्थिमीनांच्या (कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांच्या) नरांत श्रोणिपक्षांच्या (पोटाच्या मागील जोडीच्या परांच्या) आतील कडांपासून तयार झालेल्या दोन दंडाकार अवयवांना ‘आलिंगक’ म्हणतात. समागमाच्या वेळी नर त्यांनी मादीला धरून ठेवतो, या जुन्या समजुतीवरून हे नाव पडले; परंतु शुक्राणू (पुं-जननकोशिका) मादीच्या शरीरात पोहोचविणे हे त्यांचे खरे कार्य होय.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या सरंगा, बोंबील इ. अस्थिमीनांत निषेचन (फलन) शरीराबाहेर, पाण्यात होते. त्याच समुद्रातील मुशीत (स्कोलिओडॉन लॅटिकॉडस) मात्र ते मादीच्या शरीरात होते आणि मादी पिलांना जन्म देते. सातपाटीच्या बंदरावर किंवा तारापूर, बोईसर येथील बाजारांत मुशी उताणी केल्यास आलिंगकांवरून नर तत्काळ ओळखता येतो.

नरात वृषणांची एक जोडी असते. वृषणांतून निघणाऱ्या सूक्ष्म नलिका वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) पुढील भागापासून बनलेल्या अधिवृषणात शिरतात. तेथून शुक्रवाहिनी मागे जाते व रुंद होऊन तिचा रेताशय बनतो. शुक्राणू अवस्करात (मल, मूत्र व जननकोशिका यांच्या सामाईक कोष्ठात) येतात आणि तेथून आलिंगकाच्या पृष्ठीय खोबणीत उतरतात. आलिंगकाच्या बुडाशी उघडणारी एक स्नायुमय पिशवी पोटाच्या त्वचेखाली पुढे पसरलेली असते. तिच्यात भरलेले समुद्राचे पाणी जोराने बाहेर पडून शुक्राणूंना पुढे ढकलते. समागमात बहुधा एकच आलिंगक वापरला जातो.

भ्रूणावस्थेत नर व मादी यांचे श्रोणिपक्ष प्रथम सारखेच असतात. नरात पुं-हॉर्मोनांच्या प्रभावाने पक्षाच्या मागील भागाची वाढ अधिक काळ चालू राहते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्केट माशावरील प्रयोगांत दिसून आले. जन्मतः आलिंगक आखूड व मऊ असतात; वयात येताना ते झपाट्याने लांब होतात व त्यांच्या कूर्चेत कॅल्शियमाची लवणे साचून ते ताठ बनतात. गप्पी या अस्थिमीनातही अंतर्निषेचन होते. पण त्याचा तत्सम अवयव गुदपक्षाच्या तिसऱ्या ते पाचव्या अरांपासून बनतो. म्हणजे एकाच कार्यासाठी दोन गटांत वेगवेगळे पक्ष उपयोगी पडले आहेत.

मुंबई किनाऱ्यावरील मुशीच्या विकासाचा सविस्तर अभ्यास एस्. बी. सेटना व पी. एन्. सारंगधर यांनी १९४० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केला. मुशीचे अंडे सु. १ मिमी. व्यासाचे असून गर्भाचे पोषण अपरेद्वारे (वारेद्वारे) होते. गर्भावधी सु. ५-६ महिने असतो आणि एका वेळी होणारी पिले फार तर वीसच्या आसपास असतात. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. आलिंगकाची लांबी व ताठपणा पाहून नर प्रौढ आहे की नाही हे मासा न कापता समजते. जाळ्यांत मऊ आलिंगकांचे नरच अधिक येऊ लागले, तर प्रजननापूर्वीच मासे पकडले जात आहेत हे उघड होते. जाळ्यांच्या आसांचा आकार ठरविताना ही साधी खूण उपयोगी पडते.