लेखांक ४ : वाळूत रखडणारे, पाण्यात उडणारे

मागच्या लेखांकातला साप कण्याच्या जोरावर सरपटत होता. कासवाला ती सोय नाही. त्याचे मणके आणि बरगड्या कवचातच जडून गेल्यामुळे धड जराही वाकत नाही. खांद्याची हाडेसुद्धा बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत. कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात अशी रचना आढळत नाही. म्हणजे चालायचे असो वा पोहायचे, सगळी मदार चार पायांवर.

कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले माद्या रात्री अंडी घालायला येतात. पहाटे कासवमित्र निघतात ते त्यांचा माग काढत. रिडले पाय आळीपाळीने टाकते : पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. त्यामुळे दोन्ही बाजूंचे ठसे मागेपुढे पडतात. ग्रीन टर्टल मात्र पुढचे दोन्ही पाय एकदम रोवून अंग ओढते, म्हणून तिचे ठसे समोरासमोर जोडीने उमटतात. मादी केव्हाच समुद्रात गेलेली असली, तरी कोण येऊन गेले ते जाणकाराला मागावरून कळते.

खड्डा खणण्याचे काम मागच्या पायांचे. एक पाय आत जातो, पंजा वळवून ओंजळभर वाळू उचलतो आणि अलगद बाजूला ठेवतो; मग दुसऱ्याची पाळी. मागे वळून न बघता मादी दीडेक फूट खोल घरटे करते. हे कसब तिला कुणी शिकवलेले नसते!

वाळूत थांबत थांबत रखडणारी हीच मादी पाण्यात शिरली की चाल पार बदलते. लांबलेल्या बोटांच्या हाडांवर बेतलेले पुढचे चपटे पाय आता पक्ष्याच्या पंखांसारखे एकदम वर-खाली होतात आणि दोन्ही फटकाऱ्यांत तिला पुढे रेटतात. मागचे पाय दिशा सांभाळतात. कासव संथ असते, हा समज किनाऱ्यावरून बघणाऱ्यांचा.

नदी-तळ्यातली कासवे बोटांमधल्या पडद्यांनी पाणी मागे सारतात, तेही तिरक्या जोडीने, जमिनीवर चालल्यासारखेच. माळरानावरच्या तारा कासवाचे पाय खांबासारखे. ते पोहण्याच्या कामाचेच नाहीत.

समुद्री कासवांची मजल किती? २०२१ साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर.

पिल्लेही वाळूवर आळीपाळीने पाय टाकत निघतात आणि लाटेने उचलताच पुढचे दोन्ही पाय एकदम मारू लागतात. वेळासला कासव महोत्सवाला गेलात, तर पिल्लू उचलून पाण्यात सोडू नका आणि मोबाइलचा दिवाही लावू नका. उजेड दिसला की पिल्ले समुद्र सोडून तिकडे वळतात.