विश्लेषण : माइक प्रीअॅम्पमधील व्हॉल्व्ह बदलायचा कधी, कसा आणि कोणता?

घराघरांतील व्हॉल्व्हचे रेडिओ अडगळीत जाऊन अर्धशतक लोटले. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत मात्र काचेच्या या नळ्या अजूनही वापरात आहेत आणि कालांतराने त्या निकामीही होतात. नळी बदलणे वरकरणी दिवा बदलण्याइतके सोपे वाटते. पण चुकीची नळी निवडली तर पैसे वाया जातात आणि चुकीच्या वेळी यंत्रात हात घातला तर जीवही जाऊ शकतो. शिवाय या नळ्या बनवणारे जगातील मोठे कारखाने आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. म्हणूनच हे साधे दिसणारे काम समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रीअॅम्पचे काम काय?

गायक गाऊ लागतो तेव्हा माइकमधून निघणारा विद्युतसंकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. ध्वनिमुद्रण यंत्रणेला मात्र साधारण एक व्होल्टच्या आसपासचा संकेत लागतो. हे अंतर भरून काढणारे यंत्र म्हणजे माइक प्रीअॅम्प्लिफायर, स्टुडिओच्या भाषेत ‘प्रीअॅम्प’. त्याने ६० डेसिबल गेन दिला, तर संकेताचा विद्युतदाब एक हजार पट होतो. अर्थात गाण्यासोबत यंत्रातला बारीकसा खरखराटही तितकाच वाढतो. त्यामुळे प्रीअॅम्पमध्ये पहिल्या टप्प्यावरचा भाग निर्दोष असणे सर्वांत महत्त्वाचे. तिथे शिरलेला दोष पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मोठा होत जातो.

व्हॉल्व्ह म्हणजे नेमके काय?

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन टोकांची निर्वात नलिका तयार केली. अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तिच्यात तिसरा घटक घातला आणि त्यातूनच पुढे संकेत वाढवणारी ‘ट्रायोड’ नळी घडली. तिचे तत्त्व सोपे आहे. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत कॅथोड तापवला, की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या प्लेटवर २०० ते ३०० व्होल्टचा धन दाब असल्याने ते तिकडे धाव घेतात. वाटेत तारेची बारीक जाळी असते. माइकचा क्षीण संकेत या जाळीवर दिला, की इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्या तालावर कमी-जास्त होतो. कालव्याच्या दारावर हलकासा हात ठेवून मोठा प्रवाह आवरावा, तसे हे काम चालते. प्रीअॅम्पमध्ये सर्वाधिक आढळणारी नळी म्हणजे १२एएक्स७. युरोपात तिला ईसीसी८३ म्हणतात. अंगठ्याएवढ्या या काचेत दोन स्वतंत्र ट्रायोड असतात आणि तळाला नऊ पिना.

ट्रान्झिस्टर असताना नळ्या कशाला?

बेल लॅबोरेटरीजमध्ये १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नळ्या मागे पडल्या. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत बीटल्सची सुरुवातीची गाणी व्हॉल्व्हच्या कन्सोलवर मुद्रित झाली. १९६९ चा ‘अॅबी रोड’ हा त्यांचा अल्बम मात्र ट्रान्झिस्टरच्या नव्या कन्सोलवर झाला. दोन्हींचे चाहते आजही आहेत. उत्तम गाणे व्हॉल्व्हवाचून होत नाही, असे म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

फरक आहे तो मर्यादा ओलांडली जाते तेव्हाचा. संकेत फार मोठा झाला, की ट्रान्झिस्टरची अनेक मंडले तो एकदम कापतात आणि आवाज फाटतो. साध्या ट्रायोड मंडलात लहरीचे माथे हळूहळू दबत जातात. या दबण्यातून मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर किंचित मिसळतो. कानाला तो भरदार वाटतो. ध्वनिमुद्रक त्याला ‘उबदार’ आवाज म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या ही विकृतीच आहे, पण हवीशी वाटणारी.

नळी निकामी झाल्याचे कसे ओळखायचे?

कॅथोडवरचा लेप झिजला की इलेक्ट्रॉन कमी पडतात. मग पूर्वीइतका गेन मिळत नाही. याखेरीज सतत फुसफुस, मध्येच तडतड, भजी तळल्यासारखा आवाज, दोनपैकी एकच चॅनेल बारीक होणे ही नेहमीची लक्षणे. यंत्राला हलका धक्का लागताच घंटेसारखा नाद येत असेल, तर नळीच्या आतले भाग सैल झाले आहेत असे समजावे. याला ‘मायक्रोफोनिक’ नळी म्हणतात. ती स्वतःच माइकसारखी वागू लागते.

नळीच्या आत, बहुधा माथ्यावर दिसणारा चांदीसारखा डाग हीदेखील एक खूण आहे. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी तिथे बेरियमचा लेप दिलेला असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर नळीत हवा शिरली आहे. ती नळी संपली.

मात्र प्रत्येक खरखरीचा दोष नळीचा नसतो. खराब केबल, मळलेले सॉकेट, जुने कपॅसिटर किंवा अर्थिंगमधील दोष यांमुळेही असाच आवाज येतो. दोन चॅनेलच्या प्रीअॅम्पमध्ये निदानाचा सोपा उपाय म्हणजे दोन्हीकडच्या सारख्या नळ्यांची अदलाबदल. दोष नळीबरोबर दुसऱ्या चॅनेलमध्ये गेला तर नळी बदलावी. तो जागचा हलला नाही, तर नवी नळी आणून उपयोग नाही. यंत्र दुरुस्तीला द्यावे.

बदलताना सर्वांत मोठा धोका कोणता?

प्लेटला लागणारा उच्च दाब. तो कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहतो. काही यंत्रांत तो आपोआप उतरतो; काहींत तशी सोय नसते किंवा असलेला रेझिस्टर जळालेला असतो. त्यामुळे ‘स्विच बंद केला’ म्हणजे सुरक्षित झाले, असे नव्हे. प्लग भिंतीतून काढावा, नळ्या निवेपर्यंत थांबावे आणि झाकण उघडल्यावर आतल्या जोडण्यांना हात लावण्याआधी मल्टिमीटरने डीसी दाब मोजावा. तो अजून असेल, तर काम जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवावे. मोजण्याची सवय नसलेल्याने झाकणच उघडू नये.

पुढचे टप्पे कोणते?

जुनी नळी काढण्यापूर्वी तोच माइक, तोच गेन आणि तोच आवाज ठेवून अर्ध्या मिनिटाचा नमुना मुद्रित करावा. नंतरची तुलना आठवणीवर सोडू नये, कारण कान नव्या वस्तूच्या बाजूने झुकतो. कोणती नळी कोणत्या सॉकेटमध्ये होती, याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. नळीवर धातूचे आवरण असेल तर ते आधी काढावे. नळी काचेला धरून, किंचित डोलवत सरळ वर ओढावी. तिरकी ओढल्यास पिना वाकतात किंवा तळाशी काच तडकते.

सॉकेटमध्ये काळपटपणा दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. नऊ पिनांच्या वर्तुळात एका ठिकाणी मोठी फट असते. ती सॉकेटमधल्या फटीशी जुळवून नळी सरळ दाबावी; जोर लावावा लागत असेल तर जुळणी चुकली आहे. यंत्र सुरू करताना स्पीकर आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद ठेवावी. फिलामेंट मंद नारिंगी दिसते का हे पाहावे, अर्धा तास यंत्र तापू द्यावे आणि मग पुन्हा तोच नमुना मुद्रित करावा. नवी नळी सुरुवातीला थोडी खरखरते, काही तासांत ती स्थिरावू शकते.

गिटार अॅम्पमधील मोठ्या पॉवर नळ्या बदलल्यावर अनेकदा ‘बायस’ जुळवावा लागतो. प्रीअॅम्पच्या लहान नळ्यांना सहसा त्याची गरज नसते, कारण मंडल तो स्वतःच सांभाळते.

कोणतीही नऊ पिनांची नळी चालते का?

नाही. सॉकेटमध्ये बसते म्हणजे चालते, हा गैरसमज महागात पडतो. १२एएक्स७ आणि ई८८सीसी दोन्ही नऊ पिनांच्या आहेत, पण त्यांच्या फिलामेंटची जोडणी वेगळी आणि दुसरीला सोसणारा प्लेटचा दाबही कमी. एकीच्या जागी दुसरी लावणे म्हणजे नुकसानीला आमंत्रण. १२एएक्स७ च्या कुळात मात्र थोडी मोकळीक आहे. तिचा वर्धनांक १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६० आणि १२एयू७ चा २० च्या आत. गेन फार होऊन आवाज लवकर फाटत असेल, तर काही यंत्रांत ५७५१ लावून तो किंचित उतरवता येतो. बाकी दोघींना लागणारा प्रवाह वेगळा असतो, त्यामुळे यंत्राच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच त्या वापराव्यात.

खर्च करायचा तर तो पहिल्या टप्प्याच्या नळीवर करावा. कमी खरखरीची आणि नाद न करणारी म्हणून तपासून निवडलेली नळी तिथे लावावी. शेवटच्या टप्प्याला साधी, नवी नळी पुरते. ‘मॅच्ड’ म्हणून जास्त पैसे मोजण्याची गरज एका चॅनेलच्या बहुतेक प्रीअॅम्पना नसते.

महागडी जुनी नळी लावली, की आवाज बदलतो का?

थोडा बदलू शकतो. जाहिरातीत सांगतात तितका नाही. प्रीअॅम्पचा स्वभाव ठरतो तो मंडलाच्या रचनेवर आणि इनपुट-आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. स्वस्त प्रीअॅम्पपैकी अनेकांत नळी अगदी कमी दाबावर चालवलेली असते आणि खरे वर्धन चिप करते. तिथे कितीही दुर्मीळ नळी लावली तरी हाती फारसे काही लागत नाही.

जुन्या, न वापरलेल्या नळ्यांच्या बाजारात नावांचा घोळ मोठा आहे. इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यातील मूळ मुलार्ड नळ्या कधीच बंद झाल्या. आज नव्याने विकली जाणारी मुलार्ड नावाची नळी रशियात बनते. टुंग-सोल या जुन्या अमेरिकी नावाचेही तेच. काचेवरचा छाप पुसता येतो आणि नवा मारताही येतो. टेलेफंकेनच्या अस्सल ईसीसी८३ च्या तळाशी, पिनांच्या मधोमध काचेतच उमटवलेला हिऱ्याचा आकार असतो. अशा खुणा आणि तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय चढी किंमत देऊ नये.

नळ्या मिळत राहतील का?

आजचे उत्पादन मुख्यतः रशियातील साराटोव्ह, स्लोव्हाकियातील चाड्झा आणि चीन येथे होते. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतरच्या निर्बंधांना उत्तर म्हणून रशियाने अनेक वस्तूंची निर्यात रोखली, तेव्हा साराटोव्हच्या कारखान्याचा पुरवठाही अडला. काही आठवड्यांत वाट मोकळी झाली, पण तोवर साठेबाजी आणि भाववाढ होऊन गेली होती. भारतातही बेंगळूरुच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात रेडिओच्या नळ्या बनवल्या. आता त्या जुन्या साठ्यातच भेटतात.

नळी संपली तर काय होते, याचे बोलके उदाहरण नॉयमन कंपनीचा यू४७ हा माइक. त्याच्या आत व्हीएफ१४ ही एकच नळी होती. टेलेफंकेनने १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबवले. साठा आटत गेला आणि पुढच्या दशकात जगप्रसिद्ध यू४७ चे उत्पादनही बंद झाले. दुरुस्तीसाठी पुढे वेगळी, छोटी ‘न्यूव्हिस्टर’ नळी बसवण्याचा पर्याय काढावा लागला.

१२एएक्स७ वर ती वेळ लगेच येण्याची चिन्हे नाहीत, कारण जगभरच्या गिटार अॅम्पमुळे तिला मोठी मागणी आहे. तरीही स्टुडिओत तपासलेल्या दोन नळ्या राखीव असाव्यात आणि प्रत्येक नळी बसवल्याची तारीख लिहून ठेवावी. आयात यंत्रावरचा दाबाचा स्विच २३० व्होल्टवर आहे ना, हे पाहावे. वीजदाब वरखाली होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर लावावा. फिलामेंटचा दाब ठरलेल्या मूल्यापासून दहा टक्क्यांपेक्षा अधिक ढळला, तर नळीचे आयुष्य घटते. आणि आवाज चांगला असेल, तर केवळ वर्षे झाली म्हणून नळी बदलू नये. जपून वापरलेली चांगली नळी हजारो तास साथ देते.