शांततेची मोजदाद

भोसरीच्या कारखान्यात प्रेस चालू असताना जमिनीवर पडलेल्या टाचणीचा आवाज कोणाला ऐकू येईल काय? दिघीच्या श्रोत्यांना याचे उत्तर सांगावयास नको. कृष्णद्रव्याचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच प्रश्न आहे. विश्वातील द्रव्यापैकी सुमारे पाच षष्ठांश द्रव्य अदृश्य असावे, असे अनुमान आहे. त्याचा एखादा कण अणूवर आदळलाच, तर बसणारा इवलासा धक्का टिपण्यासाठी यंत्रे मांडलेली आहेत. परंतु असे धक्के देणारे इतरही पुष्कळ आहेत.

पहिला गोंगाट आकाशातून येतो. विश्वकिरणांमुळे वातावरणात म्यूऑन नावाचे कण निर्माण होतात. आपल्या तळहातातून ते मिनिटाला शंभराच्या आसपास आरपार जातात. त्यांना अडवायचे तर पृथ्वीच्या पोटात शिरावे लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत हेच केले. अतिशय खोल ठेवलेल्या यंत्रात दोन महिन्यांत एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. हा प्रयोग फसला, असे कोणी म्हणेल. पण ती शांतताच मोलाची ठरली. १९६५ साली ओसाका व डरहॅम येथील सहकाऱ्यांसह, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, त्यांना वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल लागली.

दुसरा गोंगाट भोवतालचा. खडकात युरेनियम व थोरियम असते, हवेत रेडॉन असतो. आपल्या देहातही दर सेकंदाला काही हजार किरणोत्सर्गी अणू फुटत असतात. म्हणून यंत्राभोवती पाणी, तांबे किंवा शिसे यांचे कवच घालतात. शिसेही शक्यतो शतकांपूर्वीचे घेतात, कारण त्यातील किरणोत्सर्ग ओसरलेला असतो.

इतके करूनही जे उरते, त्याचा हिशेब ठेवावा लागतो. इटलीतील झेनॉन-वन-टी यंत्रात सुमारे २३२ नोंदी अपेक्षित होत्या, सापडल्या २८५. २०२० साली हे जाहीर होताच नव्या कणाची चर्चा सुरू झाली. शास्त्रज्ञांनी मात्र ट्रिटियमच्या अंशाचाही संशय नोंदवून ठेवला होता. पुढचे यंत्र अधिक शुद्ध केले, गोंगाट पाचव्या हिश्श्यावर आणला, आणि २०२२ साली तो वाढावा दिसेनासा झाला.

आता एक गोंगाट असा उरला आहे, की ज्याला ना खोली अडवते ना शिसे. तो न्यूट्रिनोंचाच! २०२४ साली सूर्याच्या न्यूट्रिनोंच्या खुणा या यंत्रांत दिसू लागल्या. कोलारमध्ये ज्याची आतुरतेने वाट पाहिली, तोच पाहुणा आज कृष्णद्रव्याच्या वाटेत उभा आहे. त्यालाही नीट ओळखून वजा केल्यावर जे शिल्लक राहील, त्यालाच शोध म्हणता येईल.