जुनी गाडी घेताना आधी कागद पाहा

बाभुळगावहून यवतमाळ, धामणगावला धंद्यानिमित्त सतत ये-जा करणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना जुनी गाडी सोयीची वाटते. पैसे थोडे असले म्हणजे नजर किमतीवर जाते. आमचे सांगणे असे की, ती आधी कागदांवर जावी.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१२ साली नोंदलेल्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपते. पुढे तपासणी करून व शुल्क भरून ती वाढवून घ्यावी लागते. आरसी बुकावरील चेसिस व इंजिन नंबर गाडीशी ताडून पाहावेत. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मागावा.

मग गाडी पाहावी. इंजिन थंड असतानाच सुरू करावे. निळसर धूर आल्यास इंजिन ऑईल जाळत आहे असे समजावे. दारांखालचा गंज तपासावा. मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे.

दीड लाख जमले असतील तर सव्वा लाखापर्यंतचीच गाडी बघावी. उरलेले टायर, बॅटरी व विम्याला लागतात.

सौदा होताच नमुना २९ व ३० भरून यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात नाव बदलून घ्यावे, विमाही आपल्या नावे करावा. यात विकणाऱ्याचेही हित आहे. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा सह्या ओळखीवर सोडू नयेत.